रेल्वे की बस? मावल्याहून परदेशी निघणाऱ्यांसाठी

आदिलाबादजवळच्या मावल्याहून हैदराबादला जायचं म्हटलं की पाय आपोआप बसकडे वळतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ गावाला लागूनच जातो. निर्मल, आर्मूर, कामारेड्डी करत तो जवळजवळ सरळ दक्षिणेला उतरतो आणि सुमारे ३०० किलोमीटरवर, सहा-सात तासांत, हैदराबाद येतं. आदिलाबाद स्टेशनातून सुटलेली गाडी मात्र आधी पश्चिमेची वाट धरते. किनवट, हिमायतनगर, भोकर अशी ती महाराष्ट्रातून जाते, मुदखेडला पोचते आणि तिथून उमरी, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत पुन्हा तेलंगणात उतरते. सिकंदराबादपर्यंतचा हा पल्ला ४०० किलोमीटरच्या वर जातो. एके काळचा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाला, मार्च २०२४ मध्ये अंबारी–आदिलाबाद–पिंपळखुटी हा विद्युतीकरण झालेला मार्गही सुरू झाला, पण वळसा होता तसाच राहिला.

तरीही कृष्णा एक्स्प्रेसचं रिझर्वेशन करणारे असतातच, आणि त्यांचंही बरोबर असतं. गाडी रात्री सुटते, वळसा झोपेत निघून जातो आणि सकाळी सिकंदराबाद येतं. तिरुपतीला जाणाऱ्याला तर मध्ये कुठे उतरावंच लागत नाही.

यातलं स्वस्त कोणतं, हे प्रवासी कोण आहे त्यावरही ठरतं. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महिलांना पल्ले वेलुगु आणि एक्स्प्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत आहे. त्यामुळे मावल्यातली बाई एक्स्प्रेसने हैदराबादला गेली तर तिला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला पूर्ण भाडं पडतं. तीच बाई सुपर लक्झरीत बसली तर तिलाही पैसे मोजावे लागतात. रस्ता एकच, पण भाडं ठरवणारे नियम वेगळे.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण आपल्या भागातली मुलं आता शिकायला जर्मनीला, इंग्लंडला, अमेरिकेला जातात, पाठोपाठ आईवडील भेटायला जातात, आणि कुणी पैसे साठवून व्हिएतनाम-नेपाळही करतं. तिथे पोचल्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरात कमी पैशांत कसं जायचं, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. ‘रेल्वे म्हणजे स्वस्त, ट्रॅव्हल्स म्हणजे महाग’ हा आपला अनुभव तिथे बऱ्याचदा उलटा पडतो. तो का उलटा पडतो हे एकदा नीट कळलं, तर कुठल्याही देशात तिकीट काढताना गोंधळ होत नाही.

आधी भाडं कसं बनतं ते पाहू. आपल्या मेल-एक्स्प्रेस गाडीचं स्लीपरचं भाडं मुख्यतः अंतरावर आणि श्रेणीवर ठरतं. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस आधी उघडायचं). पहिल्या दिवशी काढलं काय नि आदल्या आठवड्यात काढलं काय, तत्काळचा जादा आकार सोडला तर रक्कम तीच. मग दिवाळीत मागणी वाढते तेव्हा काय होतं? भाडं तेवढंच राहतं आणि वेटिंग वाढतं. आपल्याकडे टंचाई रांगेत दिसते. जर्मनी, फ्रान्स, इंग्लंडमध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेटिंग लिस्ट हा प्रकार जवळजवळ नाहीच. तिथे टंचाई भाड्यात दिसते. गाडीतल्या काही जागा फार स्वस्त ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की पुढचा टप्पा महाग, तो संपला की आणखी महाग. निघायच्या दिवशी खिडकीवर गेलेल्याला तीच जागा कितीतरी पट भाड्याने मिळते.

आपल्याकडेही हे अगदीच नवं नाही. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला असंच बदलतं भाडं लागू झालं: दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं, आणि त्याला वर मर्यादा आहे. दिवाळीत पुणे-नागपूर ट्रॅव्हल्सचं भाडं कसं चढतं ते तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. युरोपातली जलद रेल्वे या बाबतीत आपल्या ट्रॅव्हल्ससारखी वागते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आता बस. जर्मनीत १९३० च्या दशकापासून एक कायदा होता. रेल्वेला धक्का लागू नये म्हणून लांब पल्ल्याच्या बसला परवानगी जवळजवळ मिळतच नसे. १ जानेवारी २०१३ ला हे बंधन उठलं, आणि त्याच वर्षी म्युनिकच्या फ्लिक्सबसने गाड्या सुरू केल्या. फ्रान्सने २०१५ मध्ये तेच केलं. फ्लिक्सबसच्या हिरव्या गाड्या बहुतांशी तिच्या स्वतःच्या नसतात. गाडी आणि ड्रायव्हर स्थानिक बसमालकाचे असतात. वेळापत्रक, तिकीटविक्री आणि भाडं कंपनी ठरवते. या कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेची जुनी ग्रेहाउंड विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीहून भारतातही पाऊल टाकलं. बसला रूळ सांभाळावे लागत नाहीत, स्टेशनं बांधावी लागत नाहीत, म्हणून तिचं किमान भाडं रेल्वेपेक्षा खाली जाऊ शकतं. पण तेही मागणीप्रमाणे चढतं. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी बस स्वस्त असेल असं धरून चालू नये.

एक उदाहरण बारकाईने पाहू. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या मुलाला म्युनिकला मित्राकडे जायचंय. पहिला रस्ता जलद रेल्वेचा. डिसेंबर २०१७ मध्ये नवा मार्ग पूर्ण झाल्यापासून सर्वात जलद गाडी हे अंतर चार तासांच्या आत कापते. दुसरा रस्ता बसचा; त्याला साधारण दुप्पट वेळ लागतो. तिसरा रस्ता आपल्या पॅसेंजरसारख्या प्रादेशिक गाड्यांचा. मे २०२३ पासून जर्मनीत महिन्याचा एकच पास मिळतो, डॉइचलँडटिकेट. सुरुवातीला तो ४९ युरोंचा होता, २०२५ मध्ये ५८ झाला. देशभरातल्या शहरबस, मेट्रो, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांत तो चालतो. जलद गाडीत चालत नाही. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना तो सवलतीत मिळतो. ज्याच्याकडे हा पास आहे त्याला बर्लिन-म्युनिक प्रवासाचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण तीन-चार ठिकाणी गाडी बदलायची आणि नऊ तासांच्या वर वेळ द्यायचा, ही तयारी लागते.

त्याने काय करावं? पंधरा दिवस हातात असतील तर आधी रेल्वेचं सवलतीचं तिकीट बघावं. ते आणि बसचं भाडं यांत एका बाहेरच्या जेवणाएवढाच फरक असेल, तर माझ्या मते रेल्वेच घ्यावी. चार तास वाचतात, पाय मोकळे करता येतात, टेबलावर वही उघडून बसता येतं. आजउद्याच निघायचं असेल तर रेल्वेचं भाडं अंगावर येईल, तेव्हा बस. आणि महिनाअखेर असेल, खिशात काही नसेल पण दिवस मोकळा असेल, तर हातात असलेल्या पासवर प्रादेशिक गाड्या. जर्मनीतली गावं आणि शेतं जितकी या प्रवासात दिसतात तितकी दुसऱ्या कशात दिसत नाहीत.

सवलतीच्या तिकिटावर एक अट छापलेली असते, ती वाचलीच पाहिजे: हे तिकीट याच गाडीला चालेल. पाच मिनिटांनी गाडी चुकली म्हणून मागच्या गाडीने जाता येत नाही. सर्वात स्वस्त प्रकारात तिकीट रद्दही करता येत नाही. पण याच अटीची दुसरी बाजू प्रवाशाच्या फायद्याची आहे. तुमचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि रेल्वेच्याच उशिरामुळे ठरलेल्या ठिकाणी २० मिनिटांहून जास्त उशिरा पोचणार असं दिसलं, तर जर्मनीत ती अट आपोआप सुटते आणि पुढची कुठलीही योग्य गाडी पकडता येते. म्हणून दोन तुकड्यांची वेगवेगळी तिकिटं चार पैसे वाचवायला काढू नयेत. तुकडे केले की हे संरक्षण जातं.

हे संरक्षण नुसतं कागदावर राहत नाही. युरोपात सगळ्या गाड्या घड्याळ लावून धावतात, हा आपला समज जुना झाला. जर्मन रेल्वेच्या स्वतःच्या हिशेबाने २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीरही तिथे ‘वेळेवर’ धरतात. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे गाडी एक तास उशिरा पोचली तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास उशीर झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. ती मागावी लागते, फॉर्म भरावा लागतो. आपल्या लोकांना हे करायला संकोच वाटतो, पण तो हक्काचा पैसा आहे. बसचा नियम याहून सैल आहे. २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या मार्गावर बस सुटायलाच दोन तासांच्या वर उशीर झाला किंवा ती रद्द झाली, तर कंपनीने पैसे परत देणं किंवा दुसऱ्या मार्गाने पोचवणं यातली निवड प्रवाशाला द्यायची असते. वाटेत वाहतुकीत अडकून झालेल्या उशिराला भरपाई नाही.

सामानाचं गणित वेगळं करावं लागतं, विशेषतः पहिल्या दिवशी. विमानातून तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, लोणच्याच्या बरण्या, कुकर असं सगळं घेऊन मूल उतरतं. फ्लिक्सबसच्या तिकिटात पोटातल्या डिकीसाठी २० किलोपर्यंतची एक बॅग धरलेली असते. दुसरीचे पैसे वेगळे, आणि गाडी भरलेली असेल तर तिला जागा मिळेल याचीही खात्री नाही. रेल्वेत बॅग कुणी तोलत नाही. मात्र ती स्वतःच चढवायची, स्वतःच ठेवायची, हमाल नसतो. फ्रँकफर्ट विमानतळाला तर लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन जोडूनच आहे. पहिल्या दिवशी, दमलेल्या अंगाने आणि एवढ्या ओझ्यासकट, बसस्टँड शोधत शहरात जाऊ नये. त्या दिवसापुरते चार युरो जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

बसस्टँड शोधण्यावरून आठवलं. आपल्याकडे डेपो गावाच्या मध्यावर असतो. तिथे तसं असेलच असं नाही. म्युनिकचा बसस्टँड मुख्य स्टेशनापासून लोकलच्या एका थांब्यावर आहे, म्हणजे सोयीचाच. बर्लिनचा मोठा बसस्टँड मात्र शहराच्या पश्चिम भागात आहे. रात्री दोनला तिथे उतरलं तर पुढे काय, हे तिकीट काढण्याआधी पाहावं. स्वस्त बस वेळेचे असे आडनिडे तास पकडते, आणि टॅक्सीच्या एका फेरीत वाचवलेले सगळे पैसे निघून जातात.

रात्रीच्या प्रवासात एका खोलीचं भाडं वाचतं, हे खरं. पण युरोपातल्या रात्रीच्या बसमध्ये आपल्या स्लीपर कोचसारखे बर्थ नसतात. बसूनच झोपावं लागतं. ड्रायव्हरने साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यायचीच, असा कायदा आहे. म्हणून मध्यरात्री कुठेतरी दिवे लागतात, दार उघडतं, थंड हवा आत येते. विशीतल्या मुलाला हे चालतं. भेटायला गेलेल्या आईच्या गुडघ्यांना चालत नाही. तिच्यासाठी रात्रीची रेल्वे पाहावी. ऑस्ट्रियन रेल्वेची नाइटजेट ही सेवा २०१६ च्या डिसेंबरपासून चालते, आणि तिच्या सहा बर्थच्या कप्प्यात शिरलं की आपल्या थ्री-टियरची ओळख पटते. अंथरूण-पांघरूण भाड्यातच येतं.

सरहद्दीबद्दल मात्र चूक परवडणारी नाही. शेंगेन गटातल्या २९ देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं, पण ‘सिंगल एंट्री’ व्हिसा असेल तर गटाबाहेर एक पाऊल पडलं की परत आत येता येत नाही. रेल्वे-बस निवडताना हे सुटून जातं, कारण आपण शहरांची नावं बघतो, वाटेतला देश बघत नाही. क्रोएशियातलं दुब्रोव्निक घ्या. तिथे रेल्वे जातच नाही, बसच घ्यावी लागते. किनाऱ्याचा जुना रस्ता नेउम गावापाशी काही किलोमीटर बोस्नियातून जातो. शेंगेन गटाबाहेरून. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल झाल्यावर हा तुकडा टाळता येतो, तरी आपली बस कुठल्या रस्त्याने जाते हे विचारून घ्यावं. पासपोर्ट आणि, असेल तर, राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवावं. डिकीतल्या बॅगेत कधीच नाही. शेंगेनमधल्या शेंगेनमध्येही पोलीस बस थांबवून कागद पाहतात.

पासचा मोह आवरावा. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल आणि तिथे राहणाऱ्यांसाठी इंटररेल असे दोन पास आहेत. मुलगी जर्मनीत शिकत असेल आणि आईवडील इथून जात असतील, तर दोघांचे पास वेगळे. फ्रान्स, स्पेनच्या जलद गाड्यांत पास असूनही जागेचे वेगळे पैसे भरावे लागतात. रोज गाडी बदलणाऱ्याला पास परवडतो. दोन-तीन शहरं बघणाऱ्याला आधी काढलेली सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. जपानच्या पासने ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांसाठी २९,६५० वरून थेट ५०,००० येनवर उडी घेतली, तेव्हापासून तिथेही हिशेब करूनच घ्यावा लागतो. टोकियो-ओसाकाला रात्रीची बस हाच कमी पैशांचा रस्ता आहे.

स्पेनमध्ये उलट चित्र आहे. तिथे २०२१ पासून विगो आणि २०२२ पासून इर्यो या कंपन्या सरकारी रेल्वेशी त्याच रुळांवर स्पर्धा करतात. माद्रिद-बार्सेलोना हे ६०० किलोमीटरच्या वरचं अंतर अडीच तासांत होतं, आणि आधी बघितलं तर भाडं बसच्या जवळपास येतं. स्पर्धा जिथे रुळांवर आहे तिथे रेल्वे स्वस्त होते.

आशियात पुन्हा नकाशाच हातात घ्यावा लागतो. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो-चि-मिन्ह शहर हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आजही मीटरगेज आहे, आणि गाडीला तीस तासांच्या वर लागतात. किनाऱ्याचा देखावा हवा असेल तर ह्युए ते दा-नांग एवढा तुकडा रेल्वेने करावा. ‘सापा’ या डोंगरातल्या गावी जायचं तर गाडी खाली लाओ काईपर्यंतच जाते आणि पुढे पुन्हा बस लागते. हनोईहून निघालेली स्लीपर बस थेट वर सोडते. तिथे बसमध्ये चढताना चपला काढून पिशवीत ठेवायच्या असतात, आणि बर्थ उंच माणसाला आखूड पडतो. शेजारच्या लाओसमध्ये मात्र डिसेंबर २०२१ ला नवी रेल्वे आली आणि व्हिएनतिआन ते लुआंग प्राबांग हा घाटातला दिवसभराचा प्रवास दोन तासांवर आला. तिथे बसचा विचारही करू नये.

आणि नेपाळ. आपल्यासाठी सर्वात जवळचा, बिनव्हिशाचा परदेश. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. मावल्याहून नागपूर गाठायचं, तिथून रेल्वेने गोरखपूर, मग सुनौलीची सीमा. भारताच्या बाजूला हा लांबचा पल्ला रेल्वेनेच करावा. सीमेपलीकडे मात्र निवड उरत नाही. एप्रिल २०२२ मध्ये बिहारमधल्या जयनगरहून जनकपूरमार्गे कुर्थ्याला जाणारी गाडी सुरू झाली, पण ती तराईतच थांबते. काठमांडूला, पोखऱ्याला रूळ नाहीत. डोंगराच्या कडेने, नदीच्या वरून जाणारा रस्ता आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसं गेली. त्याआधीच्याच महिन्यात दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. म्हणून नेपाळला पावसाळ्यात जाऊ नये. रात्रीची बस शंभर-दोनशे रुपये वाचवत असली तरी घेऊ नये. काठमांडू-पोखरा पर्यटक बस सकाळी सातच्या सुमाराला सुटतात. तिकीट आदल्या दिवशी काढावं आणि उजेडातच पोचावं.